निळा धूर नेमका कधी येतो?

गोव्यातल्या डिचोलीहून तुम्ही लिहिलंय: वडिलांची २००३ सालची पेट्रोल मारुती एस्टीम, १ लाख ३८ हजार किलोमीटर झालेली. सकाळी स्टार्ट केली की मागून निळसर धूर येतो आणि हजार-बाराशे किलोमीटरमागे लिटरभर ऑइल घालावं लागतं. एका मेकॅनिकने सांगितलं, इंजिन उतरवू, बोअर करून (सिलिंडर आतून घासून मोठा करून) पिस्टन-रिंगा नव्या टाकू. दुसऱ्याने ऑइलमध्ये ओतायची एक बाटली हातात दिली आणि म्हणाला, वर्षभर बघू नका. गाडी विकायची नाही. मग कोणाचं ऐकायचं?

सध्या कोणाचंच नको. इंजिन खराब आहे की नाही हे मला इथून सांगता येणार नाही. पण धूर कधी येतो, हे दोघांपैकी एकानेही तुम्हाला विचारलेलं दिसत नाही. धुराचा रंग सगळे बघतात. रंगावरून एवढंच कळतं की जळतंय ते ऑइल आहे, पाणी आहे की जास्तीचं पेट्रोल. ऑइल कुठून आत शिरतंय हे कळायचं असेल तर धुराची वेळ बघावी लागते.

त्याआधी, तो धूर निळाच आहे याची खात्री करा. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडतं. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे हवा एवढी ओली असते की ती वाफ लवकर विरत नाही, आणि धडधाकट गाडीसुद्धा सकाळी पांढरा धूर सोडताना दिसते. पावसाळ्यात "इंजिन गेलं" म्हणून माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांपैकी कितीतरी मी काहीही न करता परत पाठवल्या आहेत. वाफेला वास नसतो आणि इंजिन तापलं की ती बंद होते. ऑइलचा धूर हवेत रेंगाळतो, कढईत तेल करपल्यासारखा नाकाला झोंबतो. तरी शंका असेल तर इंजिन चालू असताना सायलेन्सरच्या तोंडापुढे वीतभर अंतरावर पांढरा कागद धरा. पाण्याचे ठिपके वाळून जातात, ऑइलचे तेलकट डाग राहतात.

दुसरं, लिटरभर ऑइल "जळतंय" हे तुम्ही गृहीत धरलंय. ते गळतही असेल. या वयाच्या गाडीत टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाचं, पॅकिंग कडक होतं, क्रँकचा (इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याचा) ऑइल सील सुटतो, डिस्ट्रिब्युटर असेल तर त्याच्या बुडाशी असलेली रबरी रिंग झिरपते. टॅपेट कव्हरमधून गळलेलं ऑइल गरम एक्झॉस्टवर पडलं तर धूर बॉनेटखालून येतो, वास गाडीत शिरतो, आणि माणूस समजतो इंजिन ऑइल जाळतंय. इंजिन बाहेरून स्वच्छ धुऊन घ्या, रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा टाका. दोन-चार रात्रींत कळेल.

मग मोजमाप. सपाट जागेवर, सकाळी थंड इंजिनात, डिपस्टिकवरच्या वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरा. किलोमीटर लिहून ठेवा. दर आठवड्याला त्याच जागी, त्याच वेळी बघा. पुन्हा खुणेपर्यंत यायला किती मिलिलिटर लागलं तेही लिहा. वरच्या खुणेच्या पलीकडे भरू नका. खूण बघायची सोडून डबा संपेपर्यंत ऑइल ओतणारे मेकॅनिक आहेत. मग क्रँक ते ऑइल घुसळतो, फेस होतो आणि ते ब्रीदरच्या नळीतून सरळ इनटेकमध्ये, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या वाटेत, जातं. "सर्व्हिसिंगनंतर धूर सुरू झाला" अशी तक्रार आली की मी आधी डिपस्टिकच काढतो. हजार किलोमीटरला दोन-तीनशे मिलिलिटर जात असेल तर या वयाच्या गाडीत मी कशालाही हात लावणार नाही. ऑइल घालत राहा आणि फिरा. तुम्ही म्हणता तसं खरोखर लिटरभर जात असेल, तर पुढचं वाचा.

आता वेळेबद्दल. पहिला प्रकार असा: रात्रभर उभी गाडी सकाळी स्टार्ट केली की एक निळा लोट येतो, मिनिटा-दीड मिनिटात विरतो आणि नंतर दिवसभर काही नाही. हा व्हॉल्व्ह सीलचा धूर. हेड म्हणजे सिलिंडरांवर बसणारा, व्हॉल्व्ह असलेला भाग. त्याच्या वरच्या बाजूला, व्हॉल्व्ह हलवणाऱ्या कॅमशाफ्ट आणि रॉकरजवळ ऑइल साचलेलं असतं. प्रत्येक व्हॉल्व्हच्या दांड्यावर रबराची एक छोटी टोपी असते, ती हे ऑइल खाली उतरू देत नाही. वीस वर्षं उष्णता खाऊन ते रबर प्लॅस्टिकसारखं कडक होतं. मग रात्रभरात ऑइल थेंब-थेंब दांड्यावरून सिलिंडरमध्ये नाहीतर एक्झॉस्टच्या वाटेत उतरतं आणि सकाळी एकदम जळतं. तुमच्या एस्टीममध्ये सोळा व्हॉल्व्ह, म्हणजे असे सोळा सील.

हे तपासायला आपल्या गोव्यासारखी सोयीची जागा दुसरी नाही. रायबंदरला चोडणच्या फेरीबोटीच्या रांगेत उभे राहा. गाडी चांगली तापलेली असावी. चार-पाच मिनिटं इंजिन आयडलवर (ॲक्सिलरेटर न देता नुसतं चालू) ठेवा, रांग हलली की जरा जोरात ॲक्सिलरेटर द्या आणि आरशात बघा. थांबून राहिल्यावर एक ढग निघाला आणि नंतर बंद झाला, तर संशय सीलवर. आयडलला इनटेकमध्ये व्हॅक्यूम जास्त असतो. तो सैल सीलमधून ऑइल आत ओढत राहतो आणि पाय दिला की साठलेलं सगळं एकदम जळतं. (फेरीबोटीच्या रांगेत इंजिन बंद ठेवावं हे मलाही माहीत आहे. परीक्षेपुरतं एकदाच.)

चोर्ला घाट ही त्याहून कडक परीक्षा. बेळगावहून येताना घाट उतरायला लागलात की दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, पाय ॲक्सिलरेटरवरून काढून, इंजिनाच्या ब्रेकवर उतरा. त्या वेळी व्हॅक्यूम सगळ्यात जास्त असतो. खाली केरीच्या सपाटीला आल्यावर पाय दिलात आणि मागची गाडी दिसेनाशी झाली, तर ऑइल आत ओढलं गेलंय हे नक्की. इथे मात्र सावध राहा: एवढ्या व्हॅक्यूमने ऑइल ढिल्या रिंगांच्या बाजूनेही वर येतं. नुसत्या उताराच्या परीक्षेवरून सील की रिंगा हे ठरत नाही. म्हणून चढसुद्धा बघायचा.

चढावर, इंजिनावर भार असताना, धूर सतत येत असेल, जितकं दाबाल तितका वाढत असेल, तर तो रिंगांचा. मांडवीचा पूल सोडून पर्वरीचा चढ चढताना मागे मित्राला स्कूटरवर ठेवा. आरशापेक्षा त्याचे डोळे जास्त भरवशाचे. आणखी एक खूण: इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण काढा. थोडी फुंकर सगळ्याच जुन्या इंजिनांत येते. पण भकाभक धूर बाहेर येत असेल, हातावर ऑइलचे शिंतोडे उडत असतील, तर जळालेला वायू रिंगांच्या बाजूने खाली उतरतोय. आमच्याकडे याला "इंजिन श्वास मारतंय" म्हणतात.

पण भकाभक श्वास दिसला म्हणून लगेच इंजिनाचा निकाल लावू नका. पीसीव्ही व्हॉल्व्ह नावाची अंगठ्याएवढी वस्तू असते. क्रँककेसमधला (इंजिनाच्या खालच्या पोटातला) वायू इनटेकमध्ये सोडून जाळून टाकणं हे तिचं काम. ती काळ्या चिकट मळीने बंद झाली की आतला दाब वाढतो, ऑइल सीलमधून बाहेर येतं, झाकणातून फुंकर मारतं. उघडीच अडकून राहिली तर उलट इंजिन तिच्यातूनच ऑइल ओढत बसतं. काढून कानाजवळ हलवा, आत खुळखुळ वाजली पाहिजे. बसवून आयडलला तिचं क्रँककेसकडचं तोंड बोटाने बंद करा, बोट ओढलं गेलं पाहिजे. नळ्यासुद्धा बघा, बाहेरून धड दिसणारी नळी आतून दबलेली असते. हे काम एवढं स्वस्त आहे की मी तपासत बसत नाही, जुन्या गाडीला नवीनच टाकतो.

डिचोलीची गाडी म्हटल्यावर माझ्या डोक्यात आणखी एक गोष्ट येते. ही गाडी २०१२ मध्ये खाणी थांबल्या त्याआधीची नऊ वर्षं तिकडच्या रस्त्यांवर चालली असेल, खनिजाच्या ट्रकांच्या मागून, तर तिने किती लाल धूळ खाल्लीय हे बघायला हवं. एअर फिल्टरच्या बाहेर धूळ असणारच. फिल्टर आणि इंजिन यांच्यामधली रबरी नळी काढा आणि आतून बोट फिरवा. बोट लाल झालं तर धूळ फिल्टरला वळसा घालून आत जात होती. ती धूळ म्हणजे रिंगांना आणि बोअरला लावलेला पॉलिश पेपर. अशा गाडीत १ लाख ३८ हजारांतही बोअर जाऊ शकतो. बोट स्वच्छ निघालं तर एस्टीमचं हे इंजिन एवढ्यात जात नाही, असा माझा अनुभव आहे.

आता कम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजणं. ती करून घ्याच, पण नीट. इंजिन गरम हवं, चारही स्पार्क प्लग काढलेले हवेत, इग्निशन आणि पेट्रोल बंद, बॅटरी भरलेली, आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. हा शेवटचा मुद्दा घाईत राहून जातो आणि मग चांगल्या इंजिनाचा आकडासुद्धा कमी दिसतो. तब्येत बरी असेल तर साधारण १७० ते २०० पीएसआयच्या दरम्यान आकडे येतात. मी आकड्यापेक्षा चार सिलिंडरांमधला फरक बघतो. सगळे १६५ आले तर मला फार काळजी वाटत नाही. तीन १८५ आणि एक १३० असेल तर त्या एकात काहीतरी झालंय. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा, कारण ऑइलने फट बुजली. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

एक गोष्ट मात्र बऱ्याच मेकॅनिकांच्याही ध्यानात येत नाही. कम्प्रेशन वरच्या दोन रिंगा धरतात. बोअरच्या भिंतीवरचं ऑइल खरवडून खाली नेण्याचं काम सगळ्यात खालच्या ऑइल रिंगचं. तिच्या खाचेतली भोकं कार्बनने बुजली, ती खाचेत चिकटून बसली, तर कम्प्रेशन नवीन गाडीसारखं येतं आणि इंजिन तरीही हजार किलोमीटरला लिटर ऑइल पितं. डिचोली ते साखळी असे आठ-दहा किलोमीटरचे फेरे मारणाऱ्या, ऑइल उशिरा बदललेल्या गाड्यांत हे हमखास दिसतं. तेव्हा "कम्प्रेशन चांगलं म्हणजे रिंगा चांगल्या, म्हणजे सीलच गेले" हा हिशेब अर्धाच बरोबर आहे. हे ओळखायला प्लग बघा. चारही प्लगांवर ऑइल सारखं दिसलं तर सगळीकडे सारखीच झीज, नाहीतर पीसीव्ही. एकच ओला, काळा, तेलकट निघाला तर दोष त्या सिलिंडरचा. लाकडाच्या राखेसारखा पांढरट-भुरा थर जमला असेल तर त्या सिलिंडरमध्ये बऱ्याच काळापासून थोडंथोडं ऑइल जळतंय.

चिकटलेल्या रिंगांवर इंजिन न उघडता एक प्रयत्न करता येतो. प्लगच्या भोकातून कार्बन विरघळवणारं द्रव्य पिस्टनवर ओतून रात्रभर मुरू द्यायचं. दुसऱ्या दिवशी प्लग न लावता आधी स्टार्टर मारून उरलेलं सगळं बाहेर उडवायचं. प्लग लावून तसंच स्टार्ट केलं तर द्रव दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग लगेच ऑइल आणि फिल्टर बदलायचा. माझ्याकडे दहांपैकी तीन-चार गाड्यांना याने खरा फरक पडला. बाकीच्यांचे ऑइलचे पैसे गेले, नुकसान काही झालं नाही. टॅपेट कव्हर उघडल्यावर आत डांबरासारखी मळी दिसली तर मात्र फ्लश-बिश काही करू नका. सुटलेली मळी खालच्या जाळीत अडकली की ऑइलचा दाबच जातो, आणि मग धूर ही चिंता उरत नाही.

ती बाटली. अशा बाटल्यांत बहुतेक वेळा ऑइल घट्ट करणारा पदार्थ असतो. धूर कमी होतो हे खरं, म्हणूनच तर जुनी गाडी विकायच्या आधी ती ओतली जाते. २०डब्ल्यू-५० सारखं जरा जाड ऑइल भरलं तरी थोडासा तोच परिणाम मिळतो, आणि त्यात काय आहे ते डब्यावर लिहिलेलं असतं. पण निदान होईपर्यंत दोन्ही नको. धूर दाबलात तर त्याची वेळ कशी बघणार?

आणि बोअर करणाऱ्याबद्दल. माझं गॅरेज नवीन होतं तेव्हा एक मारुती ८०० आली, निळा धूर. मालकाला चवथीला (गणेश चतुर्थीला) गावी जायचं होतं, म्हापशातल्या सगळ्यांनाच जायचं असतं. मी घाईत बोअर केला, पिस्टन-रिंगा नव्या टाकल्या आणि हेड पुसून तसंच परत बसवलं. चवथ झाली, तो माणूस तोच धूर घेऊन परत आला. हेड काढून व्हॉल्व्ह गाइडमध्ये, म्हणजे त्याचा दांडा सरकतो त्या नळीत, हलवून बघितला तर खुळखुळ्यासारखा वाजत होता. गाइड आणि सील मी माझ्या खर्चाने केले. तेव्हापासून माझा क्रम ठरलाय: आधी हेड, मग खालचं. तुमच्या इंजिनात हेड न उतरवताही सील बदलता येतात. प्लगच्या भोकातून कम्प्रेसरची हवा भरून व्हॉल्व्ह वर धरायचे आणि स्प्रिंग उतरवायची. तेव्हाच व्हॉल्व्ह आडवा हलवून बघायला सांगा. तो लटपटत असेल तर नवा सील सहा महिन्यांत पुन्हा जाईल. मग हेड उतरवून गाइड बदलल्याशिवाय गत्यंतर नाही.

हेड उतरलंच तर बोअर डोळ्यांनी बघून ठरवू देऊ नका. बोअर गेजने वर, मध्ये, खाली, दोन्ही दिशांना मोजायला सांगा. झीज मर्यादेत असेल तर होनिंग (बोअरला आतून हलका घास) आणि त्याच मापाच्या नव्या रिंगा पुरतात. जास्त असेल तरच ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन. मोजमाप न दाखवता "बोअर गेलाय" म्हणणाऱ्याकडे इंजिन ठेवू नका.

बाकीचे रंग थोडक्यात. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी: तुंबलेला फिल्टर, बिघडलेला सेन्सर, कार्ब्युरेटरच्या गाडीत अडकलेला चोक. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर आणि रेडिएटरमधलं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट. कूलंटचा गोडसर वास येईल म्हणून थांबू नका. आपल्याकडे निम्म्या जुन्या गाड्यांत विहिरीचं नाहीतर नळाचं पाणीच असतं, त्याला कसला वास. थंड इंजिनात रेडिएटरचं झाकण काढून स्टार्ट करा, एकसारखे बुडबुडे आले तर खात्री. ऑइलच्या झाकणाखाली दह्यासारखा थर दिसला म्हणून मात्र घाबरू नका. पावसाळ्यात छोटे फेरे मारणाऱ्या गाडीत तो नुसत्या दमटपणाने येतो. तोच थर डिपस्टिकवरही असेल तर थांबा आणि गाडी चालवू नका. आणि पांढरा धूर, पाणी जागच्या जागी, पण ब्रेक ऑइल गळतीशिवाय कमी होतंय, असा प्रकार असेल तर ब्रेक बूस्टर बघा. तो व्हॅक्यूमने ब्रेक ऑइल ओढून इंजिनाला पाजतो.

तुम्ही पीयूसी पास झाल्याचंही लिहिलंय. पेट्रोल गाडीची पीयूसी आयडलला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजते, तीही गरम इंजिनावर. सकाळचा लोट तोवर निघून गेलेला असतो. शिवाय कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर साफ करणारा डबा) तापला की ऑइलची बरीच वाफ आतल्या आत जाळतो, म्हणून धूर जवळजवळ दिसत नाही आणि डिपस्टिक मात्र उतरत राहते. ऑइलमधला फॉस्फरस त्या कन्व्हर्टरवर बसत जातो आणि तो हळूहळू निकामी होतो. नोंदणीच्या पुढच्या नूतनीकरणाला आरटीओत जायच्या आत हे मार्गी लावा.

तुम्ही सांगितलेल्या खुणांवरून, सकाळी येतो आणि दिवसा नाही हे खरं असेल, तर मी पैज सीलवर लावेन, आणि थोडी चिकटलेल्या ऑइल रिंगवर. धुणं, पुठ्ठा, पीसीव्ही, हवेच्या नळीत बोट हे या आठवड्यात घरीच करा. हजार किलोमीटरचं मोजमाप झालं की कम्प्रेशन आणि प्लग. चारही आकडे आणि चारही प्लगांचे फोटो मला पाठवा, प्लग कोणत्या सिलिंडरचा ते लिहून. तोवर डिकीत लिटरभर ऑइल असू द्या, इंजिनात आहे त्याच ग्रेडचं, आणि दर दुसऱ्यांदा पेट्रोल भरताना डिपस्टिक काढा. ऑइलचा लाल दिवा लागेपर्यंत वाट बघू नका. तो लागतो तेव्हा बेअरिंग आधीच कोरडी पडलेली असतात.